जुनी बाईक घेताना कागद नेमके कुठे अडतात

ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली, आरटीओ कुठलंही असो, जुन्या बाईकचे नावबदलीचे अर्ज त्याच त्या कारणांनी परत येतात. त्यातली बहुतेक कारणं विक्रेत्याला टोकनचे पैसे देण्याआधी अर्ध्या तासात सापडतात.

सगळ्यात मोठा घोळ 'फिटनेस' या शब्दाचा. एमपरिवहन या सरकारी ॲपवर फिटनेस २०३४ पर्यंत दिसलं की लोकांना वाटतं, गाडी सरकारने तपासलेली आहे. ती तारीख फक्त नोंदणीच्या मुदतीची. खासगी दुचाकीला आरटीओ पहिली १५ वर्षं हात लावत नाही. तपासणी होते ती नोंदणीच्या नूतनीकरणाला, मग दर ५ वर्षांनी. पीयूसीत धूर मोजतात, बस. फ्रेम वाकलेली गाडीही त्यात आरामात पास होते.

खरा इतिहास मिळतो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये. मालकाला सोबत न्या. गाडीच्या नंबरवर जुनी जॉबकार्डं (सर्व्हिसिंगच्या नोंदी) निघतात आणि त्यावर तारीख, किलोमीटर दोन्ही असतं. २०२२ च्या कार्डावर ३१,००० आणि आज मीटरवर २४,००० असेल, तर पुढे बोलायलाच नको. दुसरा पुरावा विम्यात. ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) पॉलिसीवर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याची सवलत, २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा वर्षागणिक चढतो. एकाच मालकाकडे चार वर्षं असलेल्या गाडीवर तो शून्य असेल तर क्लेम घेतलाय किंवा पॉलिसी ९० दिवसांपेक्षा जास्त बंद पडली होती. कशामुळे, ते विचारा. 'पाच वर्षांचा विमा आहे' या वाक्यावर भाळू नका. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला मिळणारा तो पाच वर्षांचा विमा थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा असतो.

एमपरिवहनवर मालक कितवा आहे, बोजा (गाडीवरच्या कर्जाची नोंद) आणि ब्लॅकलिस्ट बघा. महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलान साइटवर थकलेला दंड बघा. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरप्लेट) पाट्या लागल्यात का, तेही.

आता अडणाऱ्या गोष्टी. कर्ज फिटलं म्हणून बोजा आपोआप उतरत नाही. फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) आणि बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) दोन्ही लागतात, आणि एनओसीवर बहुधा ९० दिवसांची मुदत छापलेली असते. तीन वर्षांपूर्वीची एनओसी लॅमिनेट करून जपून ठेवणारे भेटतात. तिचा काही उपयोग नाही. बोजा विक्रेत्याने उतरवावा, मगच पैसे द्या.

दुसरी गाठ नावबदलीच्या ऑनलाइन अर्जाला लागणाऱ्या ओटीपीची. कित्येक गाड्यांच्या नोंदीत मालकाऐवजी शोरूमवाल्याचा मोबाइल नंबर असतो. ओटीपी कोणाच्या तरी भलत्याच फोनवर जातो आणि अर्ज तिथेच लटकतो. व्यवहार ठरण्याआधी मालकाकडून नंबर बदलून घ्या. आरसीवरचा मालक वारला असेल तर मुलाची फॉर्म २९ (विक्रीची खबर देण्याचा फॉर्म) वर सही चालत नाही. आधी फॉर्म ३१ ने गाडी वारसाच्या नावावर यावी लागते.

फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३० (नावबदलीचा अर्ज), आरसी, विमा, पीयूसी, पॅन हे नेहमीचंच. आधारवर गावचा पत्ता असेल तर मुंबईतल्या पत्त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार तयार ठेवा. आणि चासी नंबराची छाप. हँडलखालच्या गळ्यावर कोरलेल्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासायची. खाऱ्या हवेने तिथे गंज धरतो, एखादा आकडा उमटत नाही, की अर्ज परत. आकड्यांची ओळ वाकडी असेल किंवा भोवती घासल्याच्या खुणा असतील तर गाडी सोडून द्या.

गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड हवं. 'जरा गरम करून ठेवली' म्हणणाऱ्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी जा. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मधोमध खटकन अडकलं तर खड्ड्यांनी कोनसेट (हँडलचं बेअरिंग) खाल्लाय. हिंदमाता, गांधी मार्केटच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी ओळखायची असेल तर सीट काढा: वायरिंगच्या कनेक्टरमध्ये हिरवा थर, हेडलाइटच्या आत गाळाची रेघ, ऑइल दुधाळ चहासारखं.

मुदती लोक हमखास चुकीच्या वाचतात. विक्रीची खबर आरटीओला विक्रेत्याने १४ दिवसांत द्यायची (गाडी परराज्यात गेली तर ४५), खरेदीदाराने ३० दिवसांत. पण विमा आपल्या नावावर करायची मुदतही १४ दिवसच आहे. '३० दिवस आहेत की' म्हणून निवांत राहिलात आणि विसाव्या दिवशी गाडी चोरीला गेली, तर विमा कंपनी क्लेम नाकारायला मोकळी. विक्रेत्यालाही हे लागू: नाव बदलेपर्यंत कायद्याच्या लेखी मालक तोच, आणि अपघाताची भरपाई त्याच्याच दारात येते. म्हणून डिलिव्हरी नोटवर (गाडीचा ताबा दिल्याच्या कागदावर) तारखेबरोबर वेळही लिहा, मीटरचं रीडिंग लिहा आणि दोघांनी सह्या करून एकेक प्रत ठेवा.