एवढ्याशा बदलाला इतके दिवस काऊन लागते?

जुन्या सॉफ्टवेअरची तपासणी आणि दुरुस्ती : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले. ३ तारखेला घोषणा झाली आणि २२ पासून, म्हणजे घटस्थापनेपासून, नवे दर लागू. ठिबक आणि तुषार संच, ठरावीक जैविक कीटकनाशकं, सूक्ष्म अन्नद्रव्यं १२ टक्क्यांवरून ५ वर आली. बाकीची कीटकनाशकं १८ वरच राहिली. त्या एकोणीस दिवसांत आमच्या दारव्ह्याच्या ऑफिसात फोन खाली ठेवायला उसंत नव्हती. एका कृषी केंद्राचं काम अर्ध्या तासात झालं. दुसरं दुकान तेवढंच, माल तोच, पण काम नऊ दिवस चाललं. मालक वैतागून म्हणाले, "बारा खोडून पाच लिवाचं हाय ना भाऊ, त्याले इतके दिवस काऊन लागते?"

प्रश्न रास्त होता. घाईत आम्हाला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून हे पत्रक.

पहिल्या दुकानाच्या प्रोग्राममध्ये कराचे दर एका तक्त्यात होते आणि प्रत्येक दरापुढे तो कोणत्या तारखेपासून लागू, हेही लिहिलेलं होतं. नव्या ओळी टाकल्या, काम संपलं. दुसऱ्या प्रोग्राममध्ये १२ हा आकडा कोडमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या लिहिलेल्या सूचनांमध्ये, जिथे गरज पडली तिथे ठोकून दिलेला होता. बिलात, माल परतीत, कोटेशनमध्ये, महिन्याच्या रिटर्नमध्ये. आम्हाला तो एकतीस ठिकाणी सापडला. आणि त्यातले सगळे बारा कराचे नव्हते. काही डझनाचे होते, एक उधारीच्या व्याजात वर्षाचे महिने मोजत होता. सरसकट पाच केलं असतं तर वर्ष पाच महिन्यांचं झालं असतं. वर आणखी एक भानगड : ऑगस्टमध्ये १२ टक्क्यांनी विकलेला संच ऑक्टोबरमध्ये परत आला, तर त्याची क्रेडिट नोट जुन्या १२ टक्क्यांनीच निघायला हवी. म्हणजे बारा पुसायचे नव्हतेच, तारीख बघून वापरायचे होते.

प्रत्यक्ष बदलाला दीड दिवस लागला. बाकीचे साडेसात दिवस शोधण्यात आणि दुसरं काही मोडलं तर नाही ना, हे बघण्यात गेले. तुमच्या बिलातला मोठा भाग बहुतेक वेळा या शोधण्याचाच असतो.

हा बिघाड नाही, तरी दुखणं आहे

प्रोग्राम चालतो, बिल निघतं, हिशोब जुळतो. तरीही त्यात बदल करणं दरवर्षी महाग होत जातं. अमेरिकेतले प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये याला कर्जाची उपमा दिली. कर्ज म्हणजे काय, हे आपल्या भागात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. घाईत जोडकाम करून वेळ निभावली ते मुद्दल. पुढचा प्रत्येक बदल जास्त वेळ खातो ते व्याज. कर्ज काढणं चूक नसतं, पेरणी अडलेली असते. पण आपल्यावर किती आहे ते माहीतच नसणं धोक्याचं.

तुमच्या सॉफ्टवेअरला हे दुखणं आहे का, हे कोड न वाचताही बरंचसं कळतं. एक गोष्ट दुरुस्त केली की भलतीच बिघडते. दोन रिपोर्टांत एकाच महिन्याची विक्री वेगळी दिसते. किरकोळ कामाला किती दिवस लागतील हे कोणी छातीठोकपणे सांगत नाही. किंवा बनवणारा मुलगा आता नागपूरला नोकरीला आहे आणि दर वेळी त्यालाच फोन लावावा लागतो. शेतातल्या मोटारीच्या पेटीसारखं आहे हे. जोडावर जोड, सगळ्या वायरी एकाच रंगाच्या, आणि कोणती कशाची ते ज्यानं जोडली त्यालाच ठाऊक.

तपासणी कशी करतो

पहिल्या दिवशी आम्ही एकच काम करतो : तुमचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्राम ज्यापासून बनतो तो मूळ मजकूर, कोऱ्या कॉम्प्युटरवर घेऊन त्यापासून प्रोग्राम तयार होतो का ते बघतो. हसू नका, बरेचदा होत नाही. एखादी फाईल त्या जुन्या मशीनवरच राहिलेली असते, किंवा दिलेला कोड आणि दुकानात चालणारा प्रोग्राम यांत दोन वर्षांचं अंतर असतं. आपल्याकडे अजूनही पुष्कळ प्रोग्राम व्हिज्युअल बेसिक ६ या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतले आहेत. ते आलं १९९८ मध्ये आणि ज्यात कोड लिहायचा त्या साधनाचा मायक्रोसॉफ्टने दिलेला आधार २००८ मध्ये संपला. तयार प्रोग्राम नव्या विंडोजवरही चालतात, त्यामुळे मालकाला शंका येत नाही. दुरुस्तीची वेळ आली की हत्यार शोधत फिरावं लागतं.

मग बदलांचा इतिहास. कोड गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ठेवलेला असेल तर प्रत्येक बदल कधी, कोणी, का केला ते दिसतं. कोणत्या फायलींना वारंवार हात लावावा लागला, हे आम्ही आधी काढतो. त्याला दुसरा आकडा लावतो तो गुंतागुंतीचा. थॉमस मॅककेब यांनी १९७६ मध्ये एक माप सुचवलं : एका फंक्शनमधून, म्हणजे कोडच्या एका कामापुरत्या तुकड्यातून, जायला एकमेकांपासून स्वतंत्र अशा किती वाटा आहेत ते मोजायचं. दहापर्यंत ठीक, त्यापुढे तुकडे करा, असं त्यांचं म्हणणं. गेल्या वर्षी एका जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) प्रोग्राममध्ये 'सेव्ह' बटणामागच्या एकाच फंक्शनचं माप दोनशेच्या वर निघालं. वजन, ओलाव्याची कटती, हमाली, तोलाई, आगाऊ दिलेले पैसे, चेक की रोख, सगळं त्या एका बटणात. वारंवार बदलणारी आणि गुंतलेली, अशी दोन्हीत बसणारी फाईल म्हणजे तुमचे पैसे गळण्याची जागा. गुंतलेली पण सहा वर्षांत कोणी न उघडलेली फाईल आम्ही सोडून देतो.

सारखा दिसणारा कोड आणि कुठेच न वापरला जाणारा कोड शोधायला तयार साधनं मिळतात. ती आम्ही चालवतो, पण त्यांचा रिपोर्ट जसाच्या तसा तुमच्या हातात देत नाही. दोन हजार सूचनांची यादी देऊन घाबरवणं सोपं असतं. त्यातल्या कामाच्या पंधरा-वीसच असतात.

आणि अर्धा दिवस आम्ही तुमच्या मुनीमजींजवळ किंवा ऑपरेटर ताईंजवळ नुसते बसतो. सगळ्यात मोलाची माहिती इथेच मिळते. की-बोर्डखाली एक कागद असतो. त्यावर लिहिलेलं असतं : 'उधारी बिल असल्यास आधी रोख टाकून सेव्ह, मग बदलणे', 'पार्टीचं नाव दोनदा आल्यास खालचं घेणे'. असा एकेक कागद आमच्या कुठल्याही साधनापेक्षा जास्त सांगतो. त्या ताईंना कधी कोणी विचारलेलंच नसतं.

नेहमी सापडणाऱ्या गोष्टी

बिननावाचे आकडे तर वर आलेच. जिनिंगमध्ये १७० दिसला की ते गाठीचं वजन किलोत, ३५६ दिसला की खंडी, हे आपल्याला कळतं. नव्या प्रोग्रामरला कळत नाही. आकड्याला 'गाठीचे वजन' असं नाव देऊन तो एकाच जागी ठेवणं, एवढंच करायचं असतं. एका पतसंस्थेत रोख मोजणीच्या पानावर नोटांचे प्रकार कोडमध्येच लिहिलेले होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये हजाराची नोट गेली, दोन हजारांची आली, पुढच्या वर्षी दोनशेची आली. दर वेळी प्रोग्रामरला बोलवावं लागलं, आणि मधल्या दिवसांत कॅशियर दोनशेच्या नोटा शंभरच्या रकान्यात दुप्पट करून भरत होते.

वर्षाचा घोळ हा आपल्या भागाचा खास. हिशोबाचं वर्ष एप्रिल ते मार्च, कापसाचा हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर. प्रोग्राममध्ये नुसतं 'वर्ष' असं नाव असलं की एका रिपोर्टात एक अर्थ, दुसऱ्यात दुसरा. दोन नावं दिली की निम्मी डोकेदुखी जाते.

मराठी नावांचं दुखणं मात्र खोल आहे. जुन्या प्रोग्राममध्ये शेतकऱ्यांची नावं कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये भरलेली असतात. पडद्यावर मराठी दिसतं, आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं. त्यामुळे शोध नीट लागत नाही, अकारविल्हे यादी होत नाही, मोबाईलवर मेसेज गेला तर वाचता येत नाही. शिवाय त्या फॉन्टमध्ये एकच अक्षर दोन-तीन प्रकारे जुळवता येतं. दिसायला नाव एक, कॉम्प्युटरला खाती तीन. युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईल-कॉम्प्युटरवर सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलताना पहिली वेलांटी आणि रफार यांची जागा फिरते, कारण कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते आणि युनिकोडमध्ये नंतर साठवली जाते. हे काम प्रोग्रामने करून देतो, पण नावांची यादी एकदा गावातल्या माणसाने डोळ्यांखालून घालावीच लागते. आम्ही ती मागू तेव्हा टाळू नका.

हल्ली एआयकडून लिहून घेतलेला कोडही तपासणीला येतो. आम्हीही एआय वापरतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. फक्त त्याला 'आणखी एक रिपोर्ट दे' म्हटलं की ते बरेचदा हिशोब पुन्हा नव्याने लिहून देतं. तीन महिन्यांत एकाच व्याजाची चार सूत्रं तयार होतात.

दुरुस्ती कशी करतो, आणि कधी करत नाही

कोडला हात लावण्याआधी आम्ही तुमच्या मागच्या हंगामाची खरी बिलं घेतो. ती जुन्या प्रोग्राममधून काढून उत्तरं जपून ठेवतो. मग प्रत्येक छोट्या बदलानंतर तीच बिलं पुन्हा काढायची आणि पैशापर्यंत जुळतात का बघायचं. जुळली नाहीत तर पुढे जायचं नाही. कधीकधी असं निघतं की जुनाच हिशोब चुकत होता. अशा वेळी आम्ही परस्पर दुरुस्त करत नाही. तुम्हाला आणि तुमच्या सीएंना आधी दाखवतो, कारण तो आकडा कुठल्या तरी रिटर्नमध्ये जाऊन बसलेला असतो.

साफसफाई आणि नवी सोय एकाच वेळी करत नाही. दोन्ही एकत्र केलं की फरक कशामुळे पडला ते कळत नाही. आणि हंगामात करत नाही. जिनिंगचं काम पावसाळ्यात, कृषी केंद्राचं दिवाळीनंतर, पतसंस्थेचं मार्च सोडून केव्हाही.

'सगळं नवीन बनवून द्या' असं बरेच जण म्हणतात. सुरुवातीच्या वर्षांत आम्हीही हाच सल्ला द्यायचो. एका ग्राहकाला पाच महिने सांगितले आणि चौदा लागले. चूक आमची होती. जुन्या कोडमधल्या विचित्र अटी आम्ही अडाणीपणा समजून टाकून दिल्या होत्या. त्यातली एक ओलाव्याची होती : सीसीआयची (भारतीय कापूस महामंडळाची) हमीभावाची खरेदी ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव धरते, त्यापुढे १२ पर्यंत भाव उतरतो, त्यावर माल घेत नाहीत. ती अट कुठल्या तरी हंगामातल्या भांडणातून तिथे आली होती. आम्ही ती पुसली आणि पुढच्या हंगामात तेच भांडण पुन्हा झालं. तेव्हापासून आम्ही थोडं थोडं बदलतो आणि प्रत्येक विचित्र अटीमागचं कारण आधी विचारतो.

काही गोष्टींना हात न लावण्याचाच सल्ला देऊ. वजनकाट्यावरून आकडा घेणारा छोटा प्रोग्राम कसाही लिहिलेला असो, वर्षानुवर्षं चालत असेल आणि बदलायची गरज पडत नसेल, तर त्याची एक प्रत दुसऱ्या मशीनवर ठेवा आणि तो तसाच राहू द्या.

कोड कोणाचा?

यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला रेल्वे आपल्या दारव्ह्यावरून जायची. गाडी भारतीय रेल्वेची, रूळ मात्र खाजगी कंपनीचे. सॉफ्टवेअरचंही पुष्कळ ठिकाणी तसंच झालं आहे : धंदा तुमचा, डेटा तुमचा, सोर्स कोड कोणाकडे आहे ते कोणाला सांगता येत नाही. नवं काम कोणालाही द्या, आम्हालाच द्या असं नाही, पण काम संपल्यावर सोर्स कोड, डेटाबेसचा पासवर्ड आणि प्रोग्राम तयार करायची कृती लेखी मागून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला पासवर्ड मोबाईल बदलला की जातो, हे आम्ही दर वर्षी एकदा तरी बघतो.

तपासणीला चार ते सहा दिवस लागतात. फी आधी ठरते आणि दुरुस्ती आमच्याकडून करून घेतली नाही तरी रिपोर्ट तुमचाच. रिपोर्ट साध्या मराठीत असतो, दोन-तीन पानांचा. येताना डेटाचा बॅकअप, मागच्या हंगामाची बिलं आणि तो की-बोर्डखालचा कागद घेऊन या.