बंद पडलेली हार्ड डिस्क फ्रीझरमध्ये ठेवू नका
नेटवर्क स्टोरेजमधील, म्हणजे नेटवर्कला जोडून फाइली साठवणाऱ्या पेटीतील, हार्ड डिस्क बंद पडली की ती पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावी, हा सल्ला अनेक वर्षे फिरत आहे. कृपया तो पाळू नये. काही जुन्या डिस्कमधील अडकलेले भाग थंडीने क्षणभर मोकळे होत असतीलही, परंतु आजच्या डिस्कमध्ये वाचणारे हेड फिरत्या तबकडीपासून केवळ काही नॅनोमीटरवर तरंगते, आणि गार डिस्क दमट हवेत आणताच तिच्यावर बाष्प साचू शकते. हेड तबकडीवर घासले, तर तिथला चुंबकीय थर, म्हणजेच आपली माहिती, कायमची खरवडली जाते.

मुळात कित्येकदा डिस्क धडधाकट असते आणि बिघडलेली असते ती पेटी. अशा पेट्या बहुधा लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात. त्यांची फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत, विंडोजला ओळखता येत नाही, म्हणून ते डिस्क फॉरमॅट करण्याविषयी विचारते, आणि तिथे होकार देणे हीच मोठी चूक ठरते. त्याऐवजी डिस्क लिनक्स संगणकाला जोडून डीडीरेस्क्यू या प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमने तिची संपूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी व फाइली त्या प्रतीतूनच शोधाव्यात. डिस्कमधून खटखट आवाज येत असल्यास मात्र हेही करू नये. वीज तत्काळ बंद करून ती डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेकडे सोपवावी.