कोग्नातुस

कोग्नातुस : रक्ताच्या नातेवाइकासाठी प्राचीन रोममध्ये रूढ असलेला लॅटिन शब्द. त्याचे अनेकवचन कोग्नाती आणि स्त्रीलिंगी रूप कोग्नाता असून या नात्याला कोग्नातिओ म्हणत. ‘सह’ या अर्थाचा उपसर्ग आणि ‘जन्मलेला’ या अर्थाचे ग्नातुस यांपासून तो बनला आहे. ग्नातुस व संस्कृतातील ‘जन्’ धातू एकाच मुळातून आलेले असल्याने ‘सहजात’ हा त्याचा अगदी जवळचा प्रतिशब्द ठरतो.

या शब्दाचा नेमका अर्थ अग्नातुस या दुसऱ्या शब्दाशेजारी ठेवल्यावरच उलगडतो. अग्नाती म्हणजे केवळ पुरुषांच्या द्वारे जोडलेले, एकाच कुटुंबप्रमुखाच्या सत्तेखाली असलेले किंवा तो हयात असता तर असते असे नातेवाईक. कोग्नाती म्हणजे आईकडून असो वा वडिलांकडून, जन्माने जोडलेले सर्वजण. लॅटिनमध्ये काका (पात्रूउस), आत्या (आमिता), मामा (आवुंकुलुस) आणि मावशी (मातेर्तेरा) यांना मराठीप्रमाणेच चार स्वतंत्र शब्द आहेत. त्यांपैकी काका-आत्या अग्नाती असत, तर मामा-मावशी केवळ कोग्नाती. दत्तकाने अग्नातिओ निर्माण होई आणि मुलाला पित्याच्या सत्तेतून मुक्त केल्यास ती तुटे. कोग्नातिओ मात्र अशा मुक्ततेने तुटत नसे, कारण, दुसऱ्या शतकातील विधिज्ञ गायुस याने म्हटल्याप्रमाणे, नागरी कायदा नागरी हक्क नष्ट करू शकतो, निसर्गाने दिलेले नाही.

वारसाहक्कात मात्र हे निसर्गदत्त नाते दीर्घकाळ उपेक्षित राहिले. इ. स. पू. ४५१–४५० च्या सुमारास झालेल्या द्वादश फलकांच्या कायद्यानुसार मृत्युपत्र न करता वारलेल्या माणसाची मालमत्ता प्रथम त्याच्या सत्तेखालील अपत्यांना, ती नसल्यास निकटतम अग्नातुसाला व तोही नसल्यास कुळाला मिळे. त्यामुळे पतीच्या अधिकाराखाली न गेलेली स्त्री आपल्या पोटच्या मुलांचीही केवळ कोग्नाता ठरे व या क्रमात तिला स्थानच नसे. पुढे प्रेटर या न्यायाधिकाऱ्यांनी आपल्या आदेशांद्वारे कोग्नातींना साधारणतः सहाव्या पायरीपर्यंत मालमत्तेचा ताबा देऊ केला. पायऱ्या समान पूर्वजापर्यंत वर व तेथून खाली पिढ्या मोजून ठरत: भाऊ दुसरा, मामा तिसरा, मामेभाऊ चौथा. इ. स. १७८ मधील सिनेटच्या ठरावाने मुलांना आईच्या वारसाहक्कात प्राधान्य मिळाले आणि ५४३ मध्ये सम्राट जस्टिनियनने अग्नाती व कोग्नाती हा भेद वारसाहक्कातून जवळजवळ पूर्णपणे काढून टाकला.

व्यवहारात या नात्याला आपला सणही होता. पितरांच्या स्मरणाचे दिवस संपल्यावर २२ फेब्रुवारीला जिवंत आप्तांनी एकत्र जेवण्याचा कारिस्तिआ हा सण ‘कारा कोग्नातिओ’, म्हणजे ‘प्रिय आप्तजन’, या नावानेही ओळखला जाई.

कोन्सांग्विनेउस हा ‘समान रक्ताचा’ अशा अर्थाचा शब्द रोमन कायद्यात अधिक संकुचितपणे, एकाच पित्याच्या भावंडांसाठी योजत. विवाहाने जोडलेल्यांना आफिनेस म्हणत; मराठीतील ‘सगे’ आणि ‘सोयरे’ यांतही मुळात हाच फरक आहे.

भारतातील हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ मध्ये याच शब्दांपासून आलेल्या ‘ॲग्नेट’ व ‘कॉग्नेट’ या संज्ञा आहेत. मात्र तेथे कॉग्नेट म्हणजे ज्याचे नाते पूर्णतः पुरुषांमार्फत नाही असाच नातेवाईक. रोमन कोग्नातींमध्ये जन्माने अग्नाती असलेलेही मोडत, हा फरक दोन्ही कायदे अभ्यासताना सहज निसटतो.