टँकचा ट्रॅक: ग्लूने जोडायचा का गरम स्क्रूड्रायव्हरने?

टँकच्या प्लास्टिक मॉडेलच्या किटमधून ट्रॅकसाठी काळ्या रबरी पट्ट्यांची जोडी निघाली की आपण तिला सरळ 'व्हिनाइल ट्रॅक' म्हणून मोकळे होतो आणि घोळ इथेच होतो, कारण या एका नावाखाली दोन वेगळ्या जातीचे ट्रॅक येतात. दिसायला जुळे भाऊ, वाकतातही सारखेच, पण एकाचा इलाज दुसऱ्याला केला की वाट लागली समजा.

जुना प्रकार म्हणजे तामिया कंपनीच्या जुन्या १/३५ (खऱ्या टँकच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढ्या) किट्समधला, किंवा एअरफिक्स कंपनीच्या छोट्या १/७६ टँक्समधला मऊ ट्रॅक. एका टोकाला बारीक खुंट्या, दुसऱ्या टोकाला भोकं. खुंट्या भोकातून वर काढायच्या आणि त्यांची डोकी गरम स्क्रूड्रायव्हरने दाबून चपटी करायची, रिव्हेट मारतात ना, अगदी तसं. एवढा उपद्व्याप कशाला, तर आपला नेहमीचा ग्लू हा खरं म्हणजे चिकट पदार्थ नाहीच, तो पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं कडक प्लास्टिक, विरघळवतो आणि दोन तुकडे एकजीव करतो, आणि या मऊ मालावर त्याची ती जादू चालत नाही. मी माझ्या पहिल्या शर्मन टँकच्या ट्रॅकला चांगला दाबून ग्लू लावला, रात्रभर क्लिप लावून ठेवला, सकाळी क्लिप काढली तर टोकं एकमेकांना ओळखही दाखवेनात.

नवा प्रकार तामियाच्याच अलीकडच्या किट्समध्ये येतो. तोही लवचिक, खुंट्याभोकंही तशीच, पण याला साधा ग्लू चालतो, दहा मिनिटं धरून ठेवा, मग रात्रभर हात लावू नका. याला उगाच गरम स्क्रूड्रायव्हर लावलात तर फायदा शून्य आणि ट्रॅकच्या लिंकवरचं (कड्यांवरचं) कोरीव काम जातं ते वेगळंच.

मग ओळखायचं कसं? आधी सूचनांचा कागद बघा, गरम स्क्रूड्रायव्हरचं चित्र असेल तर जुना, ग्लूच्या बाटलीचं असेल तर नवा. सेकंडहँड किट असेल आणि कागदच गायब असेल तर ट्रॅकच्या आतल्या बाजूला, जिथे कोणाची नजर जाणार नाही, तिथे हिरव्या झाकणाच्या पातळ ग्लूचा एक थेंब टाकायचा आणि स्प्रूचा (किटचे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिचा) तुकडा दाबून ठेवायचा. तासाभराने ओढून बघा. सहज सुटला तर जुना.

जुन्याला स्क्रूड्रायव्हर किती गरम करायचा हा खरा प्रश्न. खुंटी दबेल एवढाच. धूर यायला लागला म्हणजे जास्त झाला, आणि व्हिनाइलचा धूर नाकात घेण्यासारखा नसतो, खिडकी उघडी ठेवा. सुपरग्लूचा शॉर्टकट बरेच जण मारतात. तो धरतो, पण कडक होतो, चाकाभोवती वळवताना कट्कन सुटतो. त्यापेक्षा काळ्या दोऱ्याचे दोन टाके किंवा स्टेपलरची पिन परवडली. तो जोड चाकाखाली किंवा मडगार्डच्या आड ढकलला की झालं.

सुपरग्लूचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. टी-५५ सारख्या टँकला वर रिटर्न रोलर, म्हणजे ट्रॅकची वरची बाजू उचलून धरणारी छोटी चाकं, नसतात, ट्रॅक चाकांवर लोळलेला असतो, आणि रबरी पट्टी मात्र ताणून सरळ राहते, ते फार खोटं दिसतं. तिथे चाकाच्या डोक्यावर एकेक थेंब टाकून ट्रॅक खाली दाबून धरायचा. पॅटनला मात्र रोलर असतात, नगरच्या टँक म्युझियममध्ये गेलात तर पॅटनच्या बाजूला उभं राहून ट्रॅकची वरची ओळ नीट बघा, मग कुठे किती झोल द्यायचा ते कळेल.

आणि हो, जुन्या व्हिनाइलमधलं मऊपणा देणारं केमिकल हळूहळू बाहेर येतं आणि पॉलिस्टायरीन खातं. किट वर्षानुवर्षं कपाटात पडणार असेल तर ट्रॅक आजच वेगळ्या पिशवीत टाका, नाहीतर उघडाल तेव्हा चाकांवर ट्रॅकचे दात उमटलेले सापडतील.