लोहाराचं पाणी आणि गाडीची स्प्रिंग

दसऱ्याच्या सुमाराला बीड जिल्ह्यातल्या केज-धारूरकडे लोहाराच्या भात्यापुढं कोयत्यांचा ढीग लागतो. ऊसतोडीला निघण्याआधी ज्याला त्याला आपला कोयता शेवटून, म्हणजे धार नव्यानं घडवून, हवा असतो. त्यात भाव कमानपाट्याच्या कोयत्याला, म्हणजे ट्रकच्या जुन्या पाट्यातून घडवलेल्या. लोहार लोखंड लाल करतो, ठोकतो आणि शेवटी धारेला पाणी देतो, म्हणजे तापलेली धार विझवून कडक करतो. पाणी कमी पडलं तर धार वळते, जास्त झालं तर टवका उडतो. जुन्या गाडीची स्प्रिंग स्वस्तात कशी बदलावी, याचं उत्तर मला या पाण्यापाशीच सापडलं.

माझी अठरा वर्षांची गाडी मागून बसली होती. डिकीत सीएनजीची टाकी, त्यात आमच्याकडची काळी माती. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटा आल्यासारखा होतो. गॅरेजवाल्यांनी तीन उपाय सुचवले: वेटोळ्यांत रबरी बफर घालू, गॅसवर गरम करून स्प्रिंग ताणू, नाहीतर शॉकअप बदलू.

शॉकअपचं आधी सांगतो, कारण पैसे सर्वात जास्त तिथं वाया जातात. साध्या तेलाच्या शॉकअपवर गाडीचं वजन नसतंच. ते स्प्रिंगवर असतं. शॉकअप फक्त हेलकावा थांबवतो. कोपरा दाबून सोडल्यावर गाडी नाचत राहिली तर शॉकअप गेला. गाडी नुसती खाली बसली असेल तर तो बदलून इंचभरही उचलणार नाही.

आता स्प्रिंग. ती म्हणजे गुंडाळलेली सळईच. वरून दाबली की तार मुख्यतः पिळली जाते, ओलं धोतर पिळावं तशी. जेवढा भार, तेवढं दबणं, हा नियम रॉबर्ट हूकनं १६७८ साली छापून मांडला. एक स्प्रिंग किती कडक हे तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि मोकळ्या वेटोळ्यांची संख्या यांवर ठरतं. जाडीचा परिणाम चौथ्या घातानं होतो. १२ मिलिमीटरची तार गंजून सगळीकडे साडेअकरा झाली तर स्प्रिंग सुमारे १६ टक्के मऊ पडते. उलट सहा मोकळ्या वेटोळ्यांतलं एक कापलं तर ती २० टक्के कडक होते. बफरनं वेटोळं अडवलं तरी तेच. गाडी थोडी उचलते, पण कामाची वेटोळी घटतात, उरलेल्यांवर पीळ वाढतो आणि धक्के थेट पाठीत बसतात.

मग म्हातारी स्प्रिंग मऊ होते का? गंज सोडला, तर नाही, आणि हे मला फार विलक्षण वाटतं. पोलादाला पाणी दिलेलं असो वा नसो, थोड्या भाराला त्याचा ताठपणा जवळपास सारखाच राहतो. पाण्यानं बदलते ती मर्यादा: किती पिळल्यावर पोलाद पूर्ववत येणार नाही, ती. जालन्याच्या कारखान्यांतली बांधकामाची सळई कर्ब कमी असल्यानं वाकवली की वाकलेलीच राहते. स्प्रिंगच्या पोलादात अर्ध्या टक्क्याहून जास्त कर्ब असतो, बहुतेकदा सिलिकॉनही. ते ९०० अंशांच्या आसपास तापवून तेलात विझवतात, मग पुन्हा ४०० अंशांच्या आगेमागे तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. वर्षानुवर्षं भार सोसून अशी स्प्रिंगही कणाकणानं आखूड होते. गाडी बसते ती त्या आखूडपणामुळं.

म्हणूनच गॅसची ज्योत घातक. वेटोळं लाल झालं की पाणी उतरलं. ताणून लांबी मिळते, पण मर्यादा गेलेली असते. काही महिन्यांत गाडी पुन्हा खाली. थंड ताणणंही नको. कारखान्यात स्प्रिंग मुद्दाम जास्त दाबून पुढच्या भारासाठी तयार करतात, ताणल्यानं नेमकी ती तयारी मोडते.

मी आधी मोजलं. सपाट फरशीवर, चारही टायरांत ठरलेली हवा, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. मग सर्वात खालचं वेटोळं पाहिलं. तिथं चिखल साचतो, रंग उडतो आणि तडा बहुधा तिथूनच जातो. स्प्रिंगा जोडीनंच बदलाव्यात, नाहीतर गाडी एका अंगाला कलते. मूळ कंपनीच्या महाग वाटल्या तर नावाजलेल्या दुसऱ्या उत्पादकाच्या चालतात. भंगारातून घ्यायच्या तर दोन्ही एकाच गाडीच्या, त्याच मॉडेलच्या आणि त्याच इंधनाच्या. डिझेलचं इंजिन जड, त्याच्या पुढच्या स्प्रिंगा वेगळ्या असतात. वेटोळ्यावरचे रंगाचे पट्टे जुळवून पाहा आणि दोन्ही शेजारी उभ्या करून उंची ताडा. कापलेलं टोक किंवा ज्योतीचा निळसर-काळा डाग दिसला तर फुकटसुद्धा नको.

खरी बचत मजुरीत आहे. पुढचा स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र जोड, एकदा उघडला की स्प्रिंग, शॉकअप आणि वरचं रबर यांची मजुरी जवळपास एकच, म्हणून गळका शॉकअप असेल तर तेव्हाच बदलावा. पण हे काम घरी दोरी-तारेनं बांधून करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. मिलिमीटरला २० न्यूटन लागणारी स्प्रिंग १५० मिलिमीटर दाबली तर तिच्यात २२५ ज्यूल साठतात, म्हणजे पाच किलोचा दगड साडेचार मीटरवरून पडावा तेवढे. स्प्रिंग दाबायचं योग्य अवजार असलेल्या कारागिराकडेच जा.

पुढच्या स्प्रिंगा बदलल्या की चाकांचं अलाइनमेंट करून घ्या, कारण उंचीबरोबर चाकांचा कोनही बदलतो. नवी स्प्रिंग सुरुवातीला किंचित बसते, म्हणून आठवड्याभरानं मी पुन्हा टेप लावली. मागची दोन्ही मापं सारखी आली.