इंटरकॉममध्ये गाणी आली कुठून?

चार आसनांच्या सेसना १७२ या छोट्या विमानात इंजिन पूर्ण जोरात असताना कानांवर ९० डेसिबलच्या आसपासचा घरघराट सतत आदळतो. तिथे शेजारच्याशी बोलणं जमलं तरी पुष्कळ. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टला रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांच्या शाळेत प्रशिक्षकाचा आवाज शिकाऊ वैमानिकाच्या कानात पोचायचा तो चक्क एका नळीतून.

गाणी विमानात शिरली ती दिशा शोधणाऱ्या रेडिओतून. एडीएफ (ऑटोमॅटिक डायरेक्शन फाइंडर) हे ते उपकरण ज्या पट्ट्यात ऐकतं, त्यातच मध्यम लहरींवरची नभोवाणी केंद्रंही येतात. केंद्र लावलं की काटा तिकडे वळतो आणि कानात कार्यक्रमही सुरू होतो. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर चालून आलेल्या जपानी विमानांचे नेते मित्सुओ फुचिदा यांनी होनोलुलूच्या नभोवाणीचं संगीत पकडूनच आपली दिशा पक्की केली होती.

खासगी विमानांत बराच काळ छताला स्पीकर आणि हातात माइक, एवढाच सरंजाम असे. १९७५ मध्ये अमेरिकेच्या डेव्हिड क्लार्क कंपनीने या वैमानिकांसाठी आवाज अडवणारा हेडसेट आणला. कान झाकले गेले, तसा आपसात बोलायला इंटरकॉम हवाच झाला. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला आणि तो इंटरकॉमला जोडायचा मोह होणं साहजिकच होतं.

जोडणीत अडचणी बऱ्याच. विमानातल्या हेडसेटचा विद्युत रोध साधारण १५० ते ६०० ओहमचा, वॉकमनच्या इअरफोनचा ३२ ओहमच्या आसपासचा. त्यामुळे आवाज बारीक येई. जुनी वायरिंग मोनो, म्हणून स्टिरिओ हेडसेट खोचला की उजवा कान मुका. सगळ्यांत छळणारी गोष्ट म्हणजे अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या वीजजनित्राची, शिट्टी. प्लेअर विमानाच्याच विजेवर चालवला, की अर्थिंगला दोन वाटा मिळतात आणि गाण्यामागे बारीक सूर लागतो. इंजिनाचे फेरे वाढवा, सूरही चढतो. मध्ये दोन्हींच्या तारा एकमेकींपासून वेगळ्या ठेवणारा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला की बहुतेकदा तो जातो.

माझ्या मते खरी प्रगती मात्र वेगळीच आहे: नियंत्रण कक्षाचा आवाज येताच गाणं आपोआप दबणं. त्याआधी दोन्ही आवाज नुसते एकत्र मिसळत. धावपट्टीचा क्रमांक किंवा उंचीचा आकडा गाण्यात हरवणं म्हणजे जिवाशी खेळ. ही सोय आल्यावरच संगीताची जोडणी जबाबदार वैमानिकाला पटण्याजोगी झाली.

१९८९ मध्ये अमर बोस यांच्या कंपनीचा सक्रिय आवाजरोधक, म्हणजे उलट ध्वनिलहरींनी आवाज मारणारा, हेडसेट विक्रीला आला. तो मुख्यतः खालच्या पट्टीतली घरघर कापतो, आणि गाण्यातला खर्ज तर नेमका तिच्याखालीच गाडला जायचा. पुढे ब्लूटूथ थेट हेडसेटमध्येच आलं. त्यातल्या काहींवर रेडिओ बोलू लागला की गाणं दाबायचं की मिसळू द्यायचं, हे ठरवणारं बटण असतं. उड्डाणाआधी ते ‘दाबा’वर आहे ना, हे जरूर पाहावं.