बहुविद्याशाखीय की आंतरविद्याशाखीय? दृश्यकला आणि स्मृतिभ्रंशाच्या संशोधनातील एक चिवट गोंधळ

मराठवाड्यातील महाविद्यालयांचे संशोधन-प्रस्ताव वाचण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे येते. त्यांतील ज्या प्रस्तावांत चित्रकला आणि स्मृतिभ्रंश हे दोन शब्द एकत्र येतात, त्यांच्या पहिल्या पानावर ‘बहुविद्याशाखीय’ आणि तिसऱ्या पानावर ‘आंतरविद्याशाखीय’ असे हमखास लिहिलेले असते, जणू एकाच माणसाची ही घरची आणि शाळेतली नावे आहेत. शब्दांच्या या गफलतीने केवळ शीर्षक बिघडत असते तर मी गप्प बसलो असतो; पण तिच्यामुळे अभ्यासाची आखणीच चुकते.

बहुविद्याशाखीय काम आपल्या परिचयाचे आहे. विषय एक असतो आणि त्याच्याकडे पाहणारे अनेक असतात. मेंदूविकारतज्ज्ञ निदान करतात, मानसशास्त्राचे प्राध्यापक चाचण्या घेतात, चित्रकार कार्यशाळा घेतो, समाजकार्य विभागाचे विद्यार्थी घरच्यांच्या मुलाखती घेतात आणि प्रत्येकाचे प्रकरण शेवटी एका मुखपृष्ठाखाली बांधले जाते. विभाग किती, निधी कोणाच्या खात्यात आणि प्रमुख संशोधक कोण, यांवरून दोन प्रकारांत फरक करणारे लोक भेटतात, पण त्या फरकांत फारसा अर्थ नाही. गोंधळाला आपल्या विद्यापीठांच्या रचनेनेही हातभार लावला आहे. 2016च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानंतर ‘आंतरविद्याशाखीय अभ्यास’ नावाची एक स्वतंत्र विद्याशाखाच आली आणि शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र असे विषय तिच्या छपराखाली शेजारी-शेजारी राहू लागले. एका छपराखाली राहिल्याने चूल एक होत नाही, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना तरी सांगावे लागू नये.

खरा फरक एकाच ठिकाणी आहे: मोजायचे काय, हे कोणी आणि केव्हा ठरवले.

आंतरविद्याशाखीय आखणीत ते सगळ्या विद्याशाखा एकत्र बसून ठरवतात. बहुविद्याशाखीय आखणीत ते आधीच ठरलेले असते, आणि बहुधा ज्या विद्याशाखेकडे तयार मोजपट्टी आहे तिने ठरवलेले असते. येथे आपली भाषाही थोडी दगा देते. ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायातून आपल्या ओळखीचा आहे आणि तो सारा भार स्मृतीवर टाकतो. वास्तविक या विकारांत भाषा, अंतराचा आणि आकारांचा अंदाज, निर्णयक्षमता, वागणे यांवरही परिणाम होतो, आणि काही प्रकारांत तर सुरुवातीला स्मृती बरीच शाबूत असते. तरीही नाव स्मृतीचे, म्हणून मोजमाप स्मृतीचे आणि फार तर तिच्या जवळच्या बौद्धिक क्षमतांचे. मग 1975 साली तयार झालेली, स्मरण, लक्ष, भाषा अशा क्षमता तपासणारी 30 गुणांची मिनी-मेंटल स्टेट एक्झामिनेशन ही चाचणी कार्यशाळेच्या आधी एकदा आणि नंतर एकदा घ्यायची आणि गुण वाढले का ते पाहायचे, असा आराखडा तयार होतो.

त्यात दोन अडचणी आहेत. पहिली अशी की ही चाचणी 100मधून सात-सात वजा करायला, एक वाक्य लिहायला आणि एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन उतरवून काढायला सांगते. ज्या आजींनी आयुष्यात पेन्सिल धरली नाही, त्यांचे पंचकोन न जुळणे हे आजाराचे लक्षण आहे की शाळेत न गेल्याचे, हे त्या कागदावरून कळत नाही. निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी हरियाणातील बल्लभगड येथे तिचे बदललेले हिंदी रूप 1990च्या दशकातच तयार करावे लागले, ते याच कारणाने. दुसरी अडचण अधिक खोल आहे. अल्झायमरसारखा आजार वाढत जाणारा असतो; काही महिन्यांनी गुण कमीच होण्याची शक्यता मोठी, मग चित्रे काढून काही उपयोग झाला नाही असा निष्कर्ष काढायचा काय? कलेने मेंदूची झीज थांबवावी ही अपेक्षा कोणत्याही चित्रकाराने केलेली नव्हती. ती मोजपट्टीतून आपोआप आली.

परभणी जिल्ह्यातील एका गावात अशा कार्यशाळेच्या दुपारी मी हजर होतो. आजींच्या पुढे कोरा कागद आणि रंगखडूंचा डबा ठेवला होता. त्यांनी कागद हाताने सारखा केला, त्याची नीट चौघडी घातली आणि तो मांडीखाली ठेवून म्हणाल्या, “कोरा कागद कशाला नास करायलाव, बाई?” थोड्या वेळाने सोबतच्या चित्रकार बाईंनी वाकळीसाठी घरात साठवलेल्या चिंध्या पुढे केल्या, तेव्हा आजींनी जुन्या लुगड्यांचे काठ एका बाजूला आणि पदराचे तुकडे दुसऱ्या बाजूला लावले, एक विटका तुकडा दोनदा उचलून दोनदा परत ठेवला आणि तिसऱ्यांदा तो हिरव्या काठाशेजारी ठेवून त्यावर तळहात फिरवला. सून कोण, मुलगा कोणता, हे त्या दिवशी त्यांना सांगता आले नव्हते.

पुढे अहवाल आला. तिसऱ्या प्रकरणातील तक्त्यात ‘सूचनेचे पालन केले नाही’ अशी नोंद होती. पाचव्या प्रकरणात चित्रकार बाईंनी रंगनिवडीवर दीड पान लिहिले होते. दोन्ही नोंदी त्याच आजींच्या, एकाच दुपारच्या आहेत हे अहवालात कुठेही आले नव्हते, कारण ती दोन प्रकरणे एकमेकांना भेटलीच नव्हती. आंतरविद्याशाखीय आखणीत ही भेट पहिल्या आजी समोर बसण्यापूर्वी होते. कागद की कापड, हा तेथे साहित्यखरेदीचा मुद्दा राहत नाही, तो संशोधन-प्रश्नाचा भाग होतो. ‘पालन’ या रकान्याऐवजी निवड, लक्ष, रस, नकार असे रकाने चित्रकार आणि मानसशास्त्रज्ञ मिळून आखतात आणि ते दोघेही स्वतंत्रपणे भरून नंतर ताडून पाहतात.

हे केवळ कल्पनेतले नाही. ब्रिटनमध्ये ‘डिमेन्शिया अँड इमॅजिनेशन’ या प्रकल्पात स्मृतिभ्रंश असलेल्या 125 व्यक्ती दृश्यकलेच्या सत्रांत सहभागी झाल्या. तेथे सत्र चालू असतानाच रस, एकाग्रता, आनंद, आत्मसन्मान, खिन्नता यांचे निरीक्षण केले गेले आणि कला नसलेल्या गटसत्रांशी त्याची तुलना झाली. त्या क्षणी माणूस कसा आहे, या प्रश्नाला तेथे आकडेवारीत जागा मिळाली. प्रश्नावल्या आणि मुलाखतीही होत्याच, पण सारा भार त्यांच्यावर नव्हता.

माझी एक जुनी तक्रार येथे नोंदवतो. आपल्या प्रस्तावांत चित्रकाराचे नाव ‘साधनव्यक्ती’ म्हणून येते, दोन दिवसांच्या मानधनासह, रंग आणि ब्रश यांच्या खर्चाच्या लगेच वरच्या ओळीत. ज्याला साधन म्हटले आहे, तो प्रश्न विचारणार कसा? ज्या प्रस्तावात चित्रकार सहसंशोधक नाही आणि पहिले दोन-तीन महिने केवळ एकत्र बसण्यासाठी राखलेले नाहीत, त्याच्यावरील ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द मी खोडतो.

शब्द खोडला म्हणजे प्रस्ताव नाकारला असे मात्र नाही. 2023मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढील 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाख व्यक्तींना, स्मृतिभ्रंश आहे. त्यांतील आपल्या तालुक्यात किती, निदान कोठे होते, घरी सांभाळते कोण आणि रांगोळी, वाकळ, भिंतीवरची चित्रे यांपैकी काय अजून हातात आहे, एवढेच जाणून घ्यायचे असेल, तर चार विभागांनी चार प्रकरणे लिहावीत. ते काम बहुविद्याशाखीय आहे, तसेच ते पुरेसे आहे, आणि पहिल्या पानावर तेवढाच शब्द लिहावा.